कडू नारिंग आणि मार्मलेड : उत्तर कोंकणांतील एका फळाची चौकशी

पालघर जिल्ह्यांत बोईसर स्थानकाच्या पूर्वेस बेटेगांव नांवाचें गांव आहे. तेथें राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस पत्रानें एक प्रश्न केला. त्यांस घरीं मार्मलेड करावयाचें होतें. त्यास कडू जातीचें नारिंग लागतें. तें या प्रांतीं कोठें मिळेल, असा तो प्रश्न. इतिहाससंशोधकांस असले प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, व आम्हांसही तो विचारला गेला तो सर्व बाजार हिंडून झाल्यावरच. फळवाल्यांनीं त्यांस एकमुखानें सांगितलें होतें कीं, नारिंग म्हणजेच संत्रें, तें कडू कशाला असेल?

आमचें लक्ष वेधलें तें या उत्तरानें. कारण जुन्या कागदपत्रांत, वैद्यकाच्या पोथ्यांत, बागांतील झाडांच्या याद्यांत ‘नारिंग’ हा शब्द आला असतां आपण संपादक मंडळीही हेंच करितों. शब्दापुढें कंसांत ‘संत्रें’ असें लिहितों आणि पुढें जातों. हा कंस बरोबर आहे काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. आमचें मत प्रथमच सांगून टाकितों. जुन्या लेखांतील नारिंग हें पुष्कळदां आजचें संत्रें नव्हे. आंबट रसाचें व कडू सालीचें असें तें निराळेंच फळ असण्याचा संभव मोठा आहे. आणि ज्या विलायती मुरांब्याकरितां आमचे स्नेही तें शोधीत आहेत, त्या मुरांब्यांतील फळ हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतूनच, व कदाचित् याच किनाऱ्यावरून, पश्चिमेस गेलेलें आहे.

प्रथम मार्मलेड हा शब्द घेऊं. इंग्रजी भाषेंत तो पोर्तुगीजांकडून आला, व पोर्तुगीजांचें ‘मार्मेलाद’ म्हणजे नारिंगाचा मुरांबा मुळींच नव्हे. ‘मार्मेलु’ म्हणून एक फळ आहे. फारशींत त्यास बिही म्हणतात, व त्याचें बीं ‘बिहीदाणा’ या नांवानें आमच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून परिचित आहे. या फळाचा गीर साखरेंत आटवून जी घट्ट वडी पाडीत ती मार्मेलाद. इ. स. १५२४ त इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यास एक्झिटर येथील हल नामक गृहस्थानें मार्मलेडची एक पेटी नजर केल्याची नोंद आहे. ती पेटी अशाच वड्यांची असावी.

पोर्तुगीज लोक हिंदुस्थानांत आले तेव्हां हा गोडाचा प्रकार त्यांच्या जिभेवर होता, पण बिहीचें झाड कोंकणच्या दमट हवेंत होत नाहीं. मग त्यांनीं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आपल्या फळाचें नांव येथील दुसऱ्या फळावर चढविलें. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वनौषधींवरील संवादात्मक ग्रंथ गोव्यास १५६३ त छापला गेला. त्यांत त्यानें आपल्या बेलफळास ‘बंगालचे मार्मेलु’ म्हटलें आहे. पुढें वनस्पतिशास्त्रज्ञांनीं बेलाच्या शास्त्रीय नांवांत ‘मार्मेलॉस’ हा शब्द कायमचा घातला. शंकरास वाहण्याच्या बिल्वपत्राच्या झाडास विलायती मुरांब्याच्या फळाचें नांव मिळावें हा योगायोग मोठा चमत्कारिक खरा. त्यांतही विशेष असें कीं बेल हा लिंबूनारिंगांच्याच कुळांतला आहे, बिहीचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ फळ मिळेना तेव्हां त्यांनीं पाककृति तीच ठेविली आणि फळ बदललें. दक्षिण अमेरिकेंतून त्यांनींच आणलेल्या पेरूस ते ‘पेर’ म्हणत, आणि मार्मेलुची जशी मार्मेलाद तशी पेरूची ‘पेराद’. गोव्यांत नाताळच्या फराळांत ती आजही असते. तात्पर्य, मार्मलेड हा शब्द प्रारंभीं फळाचा बोधक नसून कृतीचा बोधक आहे, व आमच्या किनाऱ्यावर तिचा जो वंश खरोखर वाढला तो पेरूचा.

नारिंग या कृतींत शिरलें तें इंग्लंडांत, १७ व्या शतकांत. एलिझा चम्ली नामक बाईच्या १६७७ च्या सुमारच्या हस्तलिखित पाकवहींत नारिंगाच्या मार्मलेडची कृति आहे, व ती इंग्लंडांतील अशा कृतींत फार जुनी मानितात. स्कॉटलंडांतील डंडी शहरच्या केलर घराण्यानें १७९७ च्या सुमारास या मुरांब्याचा कारखाना काढला. वादळांत सांपडलेल्या स्पॅनिश गलबतावरील कडू नारिंगें केलरानें स्वस्तांत घेतलीं व त्यांतून मार्मलेडचा शोध लागला, अशी एक कथा प्रसिद्ध आहे. सव्वाशें वर्षें आधींची लेखी कृति उपलब्ध असतां ती कथा शोधाची म्हणून मानण्याचें कारण नाहीं; फार तर धंद्याच्या आरंभाची म्हणावी. घरांतल्या बाईनें लिहून ठेविलेली एक वही अशा वेळीं साऱ्या दंतकथेस पुरून उरते, हें मात्र आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

केलराची नारिंगें स्पेनमधील सेव्हिलचीं. सेव्हिलला तीं अरबांनीं नेलीं. अरबांस तीं कोठून मिळालीं हें मात्र एका प्रत्यक्ष प्रवास केलेल्या ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे, व येथून आपल्या चौकशीचा रोख पुन्हा कोंकणाकडे वळतो.

बगदादचा इतिहासकार अल् मसूदी यानें आपला ‘सोन्याचीं कुरणें’ या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ इ. स. ९४३ च्या सुमारास रचिला. त्यांत तो सांगतो कीं, नारिंग व वाटोळें तुरुंज हीं झाडें हिजरी सन ३०० नंतर हिंदुस्थानांतून आणलीं गेलीं. प्रथम तीं ओमानांत लाविलीं, तेथून बसरा, इराक व शाम या प्रांतीं गेलीं, व पुढें तेथील किनाऱ्यांवर आणि मिसरांतही घरोघर झालीं. परंतु हिंदुस्थानची जमीन, हवा व पाणी तिकडे नसल्यानें त्यांचा मूळचा सुगंध व सुंदर रंग राहिला नाहीं, अशी पुस्तीही तो जोडितो. हिजरी ३०० म्हणजे इ. स. ९१२ चा उत्तरार्ध व ९१३ चा पूर्वार्ध. हें विधान ऐकीव म्हणून सोडून देतां येत नाहीं. मसूदी स्वतः हिजरी ३०४ त, म्हणजे इ. स. ९१६-१७ त, सैमूर येथें होता, व सैमूर म्हणजे आपलें चौल. तेथील मुसलमान वस्ती त्यानें पाहिली, व त्या वेळच्या अधिपतीचें जें नांव तो देतो तें शिलाहार झंझ राजाचें होय हें आतां सर्वमान्य आहे. हिंदुस्थानांतील नारिंगाचा रंग व वास ओमानांतील नारिंगाशीं ताडून पाहणारा हा मनुष्य, तो रंग व वास बहुधा कोंकणांतच अनुभवून गेलेला असावा.

मसूदीनें झाडें कोणत्या बंदरांतून गेलीं हें लिहिलेलें नाहीं. सिंध, गुजरात, कोंकण, मलबार या चारही किनाऱ्यांचा ओमानशीं व्यवहार होता. तेव्हां केवळ अभिमानानें एकाचें नांव पुढें करणें बरें नव्हे. तरी कोंकणाचा दावा लहान नाहीं हें दाखविणारें एक बलवत्तर साधन बेटेगांवापासून हाकेच्या अंतरावर सांपडलें आहे, आणि त्याचा फळांच्या इतिहासाकडे विनियोग झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तें साधन म्हणजे चिंचणीचे ताम्रपट.

चिंचणी हें गांव बोईसरच्या पश्चिमेस, तारापुरास लागून, समुद्रकांठीं आहे. तेथें १९५५ त कांहीं ताम्रपट उजेडांत आले व दिनेशचंद्र सरकार यांनीं ते ‘एपिग्राफिया इंडिका’मध्यें संपादून प्रसिद्ध केले. त्यांतील राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा पट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्या वेळीं संयान मंडलाचा, म्हणजे संजाणच्या प्रांताचा, अधिकारी मधुमति नांवाचा असून तो ‘ताजिक’, म्हणजे अरब, होता. मधुमति हें मुहम्मद या नांवाचें संस्कृत रूप होय. हें मंडल त्यास राष्ट्रकूट कृष्णराजाकडून मिळालें होतें. हा कृष्णराज दुसरा कृष्ण, व त्याची कारकीर्द इ. स. ९१४ च्या सुमारास संपली. या अरब अंमलदारानें नद्यांवर लोकांस फुकट उतरण्यास तरी ठेविल्या व संजाणास अन्नसत्र घातलें. त्यांत भात, कालवण व तूप मिळत असे. त्याच्याच अनुमतीनें एका देवीच्या मठिकेस जमिनीचें दान झालें. चिंचणीच्या पुढच्या पटांपैकीं कांहीं अकराव्या शतकांतले आहेत. त्यांपैकीं शके ९५६ च्या पटांत तर तेलाच्या घाण्याचें दान आहे.

आतां हीं सालें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. इ. स. ९१२ नंतर नारिंगाचीं रोपें हिंदुस्थानांतून ओमानांत गेलीं. ९१४ पूर्वीं संजाणच्या किनाऱ्यावर एक अरब अधिकारी नेमला गेला. ९१६-१७ त मसूदी चौलास होता. ९२६ त तो अरब अधिकारी अद्याप संजाणास नांदत असून त्याच्या सत्रांत जेवणावळी होत होत्या. ताम्रपटांत नारिंगाचा उल्लेख नाहीं, आणि तो तेथें असण्याचें कारणही नाहीं. परंतु ज्या पंधरा वर्षांत हें फळ समुद्रापार गेलें, त्याच पंधरा वर्षांत या किनाऱ्याचा कारभार एका अरब अधिकाऱ्याच्या हातीं होता, हें कोरीव लेखानें सिद्ध होतें. तारापूर, चिंचणी, डहाणू, संजाण ही पट्टी नारिंगाच्या निर्गमनाच्या स्थळांत गणण्यास याहून अधिक आधार इतर कोणत्या किनाऱ्यास दाखवितां येतो, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

पश्चिमेस गेलेलें तें फळ गोड नव्हे, आंबट व कडू होतें, यावर आतां इतिहासकारांचें एकमत आहे. गोड जात युरोपांत पसरली ती फार उशिरां, पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून, व तिच्या प्रसारांत पोर्तुगीजांचा हात मोठा होता. याची साक्ष भाषा देतात. फारशींत कडू फळ तें ‘नारंज’ व गोड तें ‘पुर्तगाल’. अरबींत ‘नारंज’ आणि ‘बुर्तुकाल’, ग्रीकांत ‘नेरांत्झी’ आणि ‘पोर्तोकाली’. म्हणजे आपल्या देशांतून गेलेला जुना शब्द कडू फळास चिकटून राहिला, आणि नव्या गोड फळास तें आणणाऱ्यांच्या देशाचें नांव पडलें. तुर्कांनीं कडवास ‘तुरुंच’ म्हटलें. हा तुरुंज शब्द तर मोठा भटक्या आहे. फारशींत तो महाळुंगाचा वाचक, तुर्कींत कडू नारिंगाचा, पोर्तुगीजांत ‘तोरांज’ होऊन पपनसाचा, आणि गोव्यांत गणेशचतुर्थीच्या माटोळीस जें तोरिंग बांधितात तेंही पपनसच.

मराठींत असेंच झालें काय? आपल्याकडे नारिंग हा जुना शब्द आहे, व संत्रें आणि मोसंबें हे त्यामागून आलेले दिसतात. मोसंबें मोझांबिकावरून आलें हें लोक सांगतात व तें संभवनीय आहे. संत्रें हा शब्द पोर्तुगालांतील सिंत्रा या गांवावरून निघाला, अशी उपपत्ति गेल्या शतकापासून रूढ आहे; ती मान्य केली तर मराठीचा न्याय फारशी-ग्रीकांच्या न्यायाशीं तंतोतंत जुळेल. मोह पडण्यासारखी ही जुळणी आहे, पण तीस मोठी अडचण आहे. बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानांतील आंबटगोड फळें मोजतांना नारंज, लिंबू, तुरुंज यांच्याबरोबर ‘संगतरा’ हें निराळें फळ म्हणून सांगितलें आहे. बाबर १५३० त वारला. पोर्तुगीजांस वसई मिळाली ती डिसेंबर १५३४ च्या तहानें. दिल्ली-आग्र्याकडे या फळाचें नांव सिंत्र्यावरून पडण्यास मध्यें वेळ उरत नाहीं. शिवाय वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीच्या वृत्तांतांत पूर्व आफ्रिकेंतील मोंबासा येथें पोर्तुगालाहून सरस नारिंगें मिळाल्याचें लिहिलें आहे. तेव्हां आमच्या मतें संत्र्याची सिंत्राव्युत्पत्ति सोडून द्यावी. परंतु व्युत्पत्ति गेली म्हणून भेद जात नाहीं. उलट बाबराच्या साक्षीनें तो अधिक दृढ होतो. कारण नारंज व संगतरा हीं दोन फळें आहेत असें तो स्वच्छ म्हणतो.

संस्कृत ग्रंथांचा पुरावा इतका सरळ नाहीं, हें सांगणें प्राप्त आहे. चरकाच्या सूत्रस्थानांत नागरंगाचें फळ मधुर, किंचित् आंबट, रुचि आणणारें, वातशामक, पण पचण्यास जड असें वर्णिलें आहे. हें वर्णन कडू फळाचें खास नव्हे. यावरून असें दिसतें कीं, नागरंग, नारंग हीं नांवें मुळांत एका वर्गाचीं होतीं. गोड, आंबट, कडू असा भेद वाक्यावरून कळावा, शब्दावरून नव्हे. कित्येक भाषापंडित या शब्दाचें मूळ द्राविडी मानितात, आणि तमिळांत ‘नारत्तै’ हें नांव आजही आंबट-कडू फळासच आहे व त्याचें खारवून लोणचें करितात, ही गोष्ट येथें जमेस धरावी.

म्हणून पोथ्या व कागद वाचणाऱ्यानें कोणता अर्थ केव्हां घ्यावा? आमचा अनुभव असा. नारिंगें नगावर मोजून फलाहारास किंवा भेटीस पाठविलेलीं असतील तर तीं गोड समजण्यास हरकत नाहीं. सालीचा उल्लेख औषधांत, उटण्यांत किंवा साखरेच्या पाकांत असेल तर तेथें कडू जात मनांत आणावी. संत्र्याची ढिली, पातळ साल अशा कामास फारशी पुरत नाहीं. नारिंग हें ईडलिंबू, महाळुंग, जंबीर यांच्या पंक्तीस बसविलेलें असलें म्हणजेही कल आंबटाकडेच धरावा. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांस या जातींतील भेदाचें महत्त्व नवें नाहीं. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातांतील फळ मातुलिंग, म्हणजे महाळुंग, आहे हें ओळखण्यावर त्या मूर्तीविषयींचा केवढा तरी विचार अवलंबून आहे. त्या फळास कोणी ‘लिंबू’ म्हटलें तर आपण ऐकून घेणार नाहीं. नारिंगाच्या बाबतींत मात्र आपण इतके काटेकोर राहिलों नाहीं.

आतां स्थानिक माहिती. तारापूर, केळवे-माहीम, शिरगांव हे प्रदेश सोळाव्या शतकापासून फिरंग्यांच्या उत्तर प्रांतांत होते. जानेवारी १७३९ त मराठ्यांनीं तारापूरचा किल्ला घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली, आणि दोनशें वर्षांचा फिरंगी अंमल येथून उठला. त्या अंमलाच्या पाऊलखुणा या पट्टींतील वाड्यांत पेरू, पपई, अननस व काजू यांच्या रूपानें राहिल्या. नारिंग मात्र फिरंग्यांनीं आणण्याची गरज नव्हती. विरारजवळ खाडीच्या कांठीं नारंगी नांवाचें गांव आहे. सिंधुदुर्गांत देवगड तालुक्यांत नारिंग्रे आहे. ग्रामनामांचा पुरावा एकटा कधींच पुरेसा नसतो, व या नांवांची उपपत्ति अन्य रीतीनेंही लागूं शकेल. तथापि चिंचवली, आंबोली, फणसवाडी हीं नांवें झाडांवरून पडलीं असें मानणाऱ्यानें नारंगीस वगळावें असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढें या पट्टीची बागाईत केळी, पानवेल व नारळ यांची, आणि डहाणू-घोलवडकडे चिकूची होऊन बसली. गोड संत्रें महाराष्ट्रांत नांवारूपास आलें तें विदर्भांत. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं तें औरंगाबादेहून, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगराहून, नेऊन आपल्या बागेंत लाविलें असें सांगतात. आगगाडी झाल्यावर नागपूरचें संत्रें मुंबईस व तेथून सर्वत्र जाऊं लागलें, आणि ‘नारिंग’ शब्द त्याच्या छायेंत गेला. १९६९ त तारापूरचें अणुवीज केंद्र चालू झालें, बोईसरच्या आसपास कारखाने उभे राहिले, व बेटेगांवासारख्या गांवांत वाड्यांच्या जागीं वसाहती झाल्या. परसांतील एखादें आंबट फळाचें झाड तोडतांना त्याचें नांव विचारण्याचें कोणाच्या मनांत आलें नसेल.

असें झाड कोठें उरलें असेल तर तें ओळखावें कसें? पान चुरगाळून पाहावें. कडू नारिंगाच्या पानास वास तीव्र असतो, आणि पानाच्या देंठास दोहों बाजूंस जो पंखासारखा पसारा असतो तो गोड जातीपेक्षां रुंद असतो. साल जाड व खडबडीत. फळ पिकल्यावर आडवें चिरलें तर मधला गाभा पोकळ दिसतो. शेवटची व खात्रीची परीक्षा जिभेची: सालीच्या आंतील पांढरा भाग चाखावा. तेथें जो कडूपणा लागतो त्याच्या द्रव्यास रसायनशास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकांत ‘नारिंजिन’ हें नांव दिलें, व तें आपल्या नारंग शब्दावरूनच. हें द्रव्य पपनसांत विपुल, गोड संत्र्यांत मात्र नाहींच म्हटलें तरी चालेल. त्याचें कारणही अलीकडे समजलें आहे. वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याच्या २०१४ मधील अभ्यासानें असें ठरलें कीं, कडू नारिंग हा पपनस व संत्र्याच्या वर्गांतील फळ यांचा थेट संकर असून पपनस ही त्याची माता होय. कडूपणा आला तो आईकडून. सिंहल व हिंदुस्थानांतील या फळांच्या जाती १८८८ च्या सुमारास मोठ्या कष्टानें जमवून डॉ. बोनाव्हिया यानें जो ग्रंथ लिहिला, त्यांतील नामांच्या घोटाळ्यावर या एका शोधानें जेवढा प्रकाश पडतो तेवढा शंभर पानांच्या वादानें पडला नव्हता.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. परसांत लाविलेलें संत्र्याचें कलम मरून खालचा खुंट फुटला तर त्यास आंबट, खडबडीत फळें धरतात, व घरची मंडळी त्यांस कडू नारिंग समजतात. विदर्भांतील कलमें बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेलीं असतात. भूमध्यसमुद्राकडे कडू नारिंगाचाच खुंट वापरीत, परंतु त्यावर बांधलेल्या गोड कलमांस एक विषाणुजन्य रोग लागतो, व १९३० नंतर दक्षिण अमेरिकेंत त्या रोगानें लक्षावधि झाडें गेलीं. तात्पर्य, खुंटाचें फळ म्हणजे प्रायः जंबेरी. तिचा मुरांबा होईल, पण तो सेव्हिलचा नव्हे.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं पुढीलप्रमाणें उत्तर धाडिलें. बोईसर-पालघरच्या बाजारांत हें फळ मिळण्याची आशा धरूं नये. मुंबईंत माटुंग्याच्या दक्षिणी भाजीबाजारांत नारत्तंगाय या नांवानें चौकशी करावी, व हातीं येईल त्यास वरील परीक्षा लावाव्या, कारण त्या नांवाखालीं महाळुंगही विकतात. तेंही न जमलें तर ईडलिंबू घ्यावें व कडूपणाकरितां पपनसाच्या सालीचा थोडा गीर त्यांत घालावा. माता तीच असल्यानें कडूपणाही तोच येईल.

कृति अशी. १ किलो फळास २ किलो साखर व सुमारें २॥ लिटर पाणी. फळें चिरून रस काढावा. साल बारीक कातरावी. बिया व आंतला पांढरा गीर फेकून न देतां फडक्याच्या पुरचुंडींत बांधावा, व सर्व रात्रभर पाण्यांत भिजूं द्यावें. सकाळीं मंद आंचेवर साल बोटानें चिरडेपर्यंत शिजवावी. दोन तास तरी लागतात. पुरचुंडी पिळून काढावी आणि मगच साखर घालावी, कारण साखर आधीं पडली तर साल पुन्हा मऊ होत नाहीं. नंतर मोठ्या आंचेवर आटवून थंड बशींत थेंब टाकावा. बोट लाविलें असतां त्यावर सुरकुती पडली कीं उतरावें.

यांत आपल्या मुरांब्याहून एक मूलभूत भेद आहे. आपला मुरांबा पाकाच्या तारेवर उभा असतो, म्हणून आपण एकतारी-दोनतारी पाहतों, आणि फळांतलें कडू, तुरट काय असेल तें आधीं काढून टाकितों. मार्मलेड पाकावर न राहतां बियांतील व गिरांतील चिकट द्रव्यावर थिजतें. म्हणजे आपली गृहिणी जें टाकून देते त्यावरच तें उभें आहे. आपल्या पाकशास्त्रांत कडू नारिंगाचा गोड पदार्थ विरळा कां, व तें लोणच्याकडे कां गेलें, याचें कारण आम्हांस तरी येथें दिसतें.

या विषयाचीं मराठी साधनें अजून फारशीं हाताळलीं गेलेलीं नाहींत. रघुनाथ नवहस्ताचें ‘भोजनकुतूहल’ सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणांतलें, हें परशुराम कृष्ण गोडे यांनीं निश्चित केलें; त्यांतील फलप्रकरणाचीं निरनिराळीं हस्तलिखितें या दृष्टीनें ताडून पाहण्यासारखीं आहेत. छापील ग्रंथांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ चें, व लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० चें. परंतु खरें धन घराघरांतील हातवह्यांत आहे. दौलतीच्या कागदांच्या रुमालांत किराण्याची यादी किंवा मुरांब्याचें टिपण निघालें कीं संग्राहक तें बाजूस काढितात, व तें पुढें वाळवीच्या वांट्यास जातें. असें टिपण मोडींत असेल, बाळबोध असेल, अथवा वसईकडील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज शब्दांची भेसळ झालेलें असेल. त्याची किंमत सनदेहून कमी समजूं नये.

ज्यांच्या संग्रहीं तारापूर, माहीम, शिरगांव, डहाणू व वसई या महालांतील वाड्यांच्या झाडमोजणीच्या याद्या किंवा पाककृतींच्या वह्या असतील, त्यांनीं त्यांत नारिंग, नारंगी, तुरुंज, तोरंजन यांपैकीं जो शब्द असेल तो, मागचीं-पुढचीं दोन वाक्यें व साल यांसह, जसाच्या तसा उतरून आम्हांकडे धाडावा. अर्थ कंसांत भरूं नये.